महाकाय आणि इवलेसे

लंडनला गेलेला आपला माणूस राजवाडा, थेम्सवरचा पूल आणि मेणाचे पुतळे पाहून समाधानाने माघारी येतो. पण बरोबर मुले असतील, तर साऊथ केन्सिंग्टनमधले निसर्गेतिहास संग्रहालय चुकवू नये. १८८१ साली उघडलेली ही भव्य इमारत पाहायला तिकीट पडत नाही, ही गोष्टही संसारी माणसाला काही कमी महत्त्वाची नाही!

मुख्य दालनात शिरलो आणि मान आपोआप वर गेली. छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला! लांबी २५ मीटर. उभा केला तर आपल्याकडच्या सात-आठ मजली चाळीला टेकेल. १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ हा जीव वाळूत रुतून अडकला. २०१७ पासून तो येथे समुद्रात सूर मारल्याच्या थाटात लटकतो आहे. त्याच्याहून मोठा प्राणी आज पृथ्वीवर नाही. आणि हा महाकाय खातो काय? बोटाएवढे कोळंबीसारखे जीव, रोज टनावारी!

किड्यांचे जग याच्या अगदी उलट. २००८ साली बोर्निओतला एक काडीकिडा या संग्रहालयाकडे आला. पाय ताणून मोजला तर ५६.७ सेंटिमीटर! पुढे चीनमध्ये त्याहूनही लांब काडीकिडे सापडले. मग किडे हत्तीएवढे का होत नाहीत? त्यांना फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांवाटे हवा आत खेळते. अंग फार वाढले, तर ती पुरेशी पोचणार नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू अधिक होता, तेव्हा दोन फुटांहून रुंद पंखांचे, चतुरासारखे कीटक उडत होते!

आकार मोठा म्हणजे जीव सुरक्षित, असे मात्र नाही. तेलासाठी माणसाने विसाव्या शतकात एकट्या दक्षिण महासागरात तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले. १९६६ साली त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, तेव्हा फारच थोडे उरले होते. आता ते हळूहळू वाढत आहेत. संग्रहालयाने या सांगाड्याचे नाव ठेवले आहे ‘होप’, म्हणजे आशा. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवले असावे.