विरहात नोट्स राहून गेल्या

वर्गात वृत्ते शिकवताना भुजंगप्रयातापाशी आलो, की मी क्षणभर अडखळतो. विद्यार्थ्यांना वाटते, सरांना लक्षण आठवत नाही. लक्षण पक्के पाठ आहे: चार य-गण, चरणात बारा अक्षरे. आठवते ते निराळेच.

१९८८ साली मी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माधव जूलियनांचे 'विरहतरंग' हे १९२६चे खंडकाव्य नुकतेच वाचले होते. विरहाला पात्र व्हायचे तर आधी प्रेम करायला हवे, या निव्वळ साहित्यिक निकडीतून मी वर्गातल्या एका मुलीच्या प्रेमात पडलो. ग्रंथालयातून 'छंदोरचना' आणली, रात्री जागून चार कडवी रचली आणि तिच्या वहीत सरकवली. चंद्र होता, रात्र होती, काळजाची जखम तर होतीच.

दोन दिवसांनी कागद परत आला. तिसऱ्या चरणातला मोडलेला गण तिने पेन्सिलीने अधोरेखित केला होता. खाली लिहिले होते, 'चाल मनाच्या श्लोकांची लागते. तिन्हीसांजेला म्हणून पाहिले.' आजीने लहानपणी रोज म्हणवून घेतलेले समर्थांचे वृत्तच माझ्या शृंगाराच्या हाती लागले होते, हे मला तोवर उमगलेच नव्हते! मी दुखावलो मात्र नाही. तिने ते म्हणून पाहिले, एवढ्यावर महिनाभर तरंगत राहिलो.

पुढे ती तीन आठवडे आली नाही. हवा तो विरह आयताच चालून आला. मी अकरा कविता लिहिल्या. ती परतली तेव्हा कळले, वडील आजारी होते. तासगावजवळच्या खेड्यातून रोज एस.टी.ने येणे जमण्यासारखे नव्हते. बुडलेल्या तासांच्या नोट्स वर्गातल्या दुसऱ्याच एकाने तिला उतरवून पाठवल्या होत्या. त्याला वृत्तांतले ओ की ठो कळत नसे. मी अकरा कवितांची वही पुढे केली. वाचून ती हसली. म्हणाली, "छान आहेत रे. पण यात मी कुठे आहे?"

समीक्षेच्या कोणत्याही ग्रंथात हा प्रश्न मला इतका नेमका पुन्हा भेटला नाही.

फारसी शब्दांनी कविता नटवणाऱ्या माधव जूलियनांनीच पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. आपल्याही तारुण्याची अशी शुद्धी करावी, असे मला अनेकदा वाटले. वही मात्र फाडवली नाही. त्या कवितांत ती नाही, हे खरेच. पण माणसाकडे पाहायला अजून न शिकलेला एक मुलगा तिथे आहे, आणि त्याची फजिती झाली नसती तर तो कधी शिकलाही नसता.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने संकोचत आपली कवितांची वही तपासायला दिली. पुष्कळ ठिकाणी गण मोडले होते. ते दाखवले आणि शेवटी पेन्सिलीने विचारले, 'ती दुपारचा डबा कोणाबरोबर खाते?'