तेजी आणि पत

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लातूरच्या गंजगोलाईत वा नांदेडच्या वजिराबादेत वडिलांशेजारी गल्ल्यावर बसू लागलेल्या पिढीला चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनी मोहिनी घातली होती. दूरचित्रवाणीवरील क्रमवारीत जे गाणे वर, त्याची कॅसेट घरी येई. एका गाण्यासाठी संपूर्ण कॅसेटचे दाम मोजावे लागत. उरलेली गाणी जणू वजनात येत.

परंतु क्रमवारी म्हणजे त्या आठवड्याची तेजी, पत निराळी. केवळ ठेक्यावर आणि झगमगाटावर चढलेली कितीतरी गाणी हंगामाबरोबर ओसरली. टिकली ती वेगळीच. लकी अली यांच्या १९९६ मधील ‘ओ सनम’चा उदास, संथ स्वर आजही शिळा वाटत नाही. सुवर्णमहोत्सवी १९९७ साली आलेले ए. आर. रहमान यांचे ‘वंदे मातरम्’ स्वातंत्र्यदिनी अजून घुमते. फाल्गुनी पाठक यांना नवरात्राने जपले. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने तर मराठी भावकवितेलाही या बाजारात गिऱ्हाईक आहे, हे सिद्ध केले.

ती पिढी आता स्वतः पेढी सांभाळते. आपल्या मुलांना आवर्जून ऐकवावीशी वाटणारी मोजकी गाणी, हीच तिची खरी क्रमवारी होय.