साडेपंचवीसचं पाऊल

ह्यांची बदली टोकियोला झाली तेव्हा मी बॅगांमध्ये गोडा मसाला, भाजणी, कुकरच्या दोन जादा रिंगा असं सगळं आठवून आठवून भरलं. पळायचे बूट मात्र घेतले नाहीत. जपानात बुटांना काय तोटा, असं म्हटलं!

बूट काही हौसेसाठी नको होते. निघण्याआधी केलेल्या तपासणीत रक्तातली साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, जमलं तर पळा." दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं, मला नेता येईना. माझ्या आईला मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी घट्ट चपलेने तिची करंगळी घासली, एवढीशी जखम चिघळली आणि शेवटी ते बोटच काढावं लागलं. चपला तिच्या नेहमीच घट्ट. बाईमाणसाचं पाऊल कसं नाजूक हवं, म्हणून ती आयुष्यभर एक नंबर कमीच मागत आली. मलाही तीच सवय. लहानपणी आत्या म्हणायची, "पोरीची पावलं आहेत की फावडी!" तेव्हापासून दुकानात सात नंबर मागायची मला लाजच वाटे.

आम्ही राहतो निशी-कासाईला. भारतीयांची वस्ती इथे इतकी, की मुगाची डाळ नि हिंग शोधावे लागत नाहीत. बूट मात्र शोधावे लागले. जपानात बुटाचा नंबर म्हणजे सरळ पावलाची लांबी, सेंटीमीटरमध्ये. बायकांचे बूट बहुतेक दुकानांत साधारण बावीसपासून साडेचोवीसपर्यंत. मी अंदाजाने पंचवीस मागितला. मुलीने एकदा माझ्या पावलांकडे पाहिलं, दोन्ही हातांची फुली केली (इथली 'नाही'ची ही खूण) आणि कमरेत वाकून माफी मागितली. माझ्या पावलांबद्दल माफी तिने मागावी!

दुसऱ्या दुकानात पंचवीस मिळाला. पाय कसाबसा कोंबला आणि "होईल सैल" म्हणत घेऊन आले. आईचंच वाक्य! पंधरा दिवसांत करंगळीचं नख काळंनिळं पडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचीही करंगळीच होती ना.

मग कुणीतरी अमेयोको सुचवलं. उएनो आणि ओकाचिमाची ह्या दोन स्टेशनांमध्ये रेल्वेच्या पुलालगतचा हा बाजार. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे काळाबाजार चाले. आज पाहाल तर तुळशीबागच. फरक इतकाच की बांगड्यांच्या जागी मासे, सुकामेवा आणि बूट. विक्रेते ओरडताहेत, एका बाजूला ऑक्टोपस मांडलेत, दुसऱ्या बाजूला बुटांचे डोंगर. ह्या दोन्हींचं नातं गमतीचं आहे. कोबे शहरात १९४९ साली ओनित्सुका नावाच्या गृहस्थांनी बुटांचा व्यवसाय सुरू केला; पुढे त्यातूनच असिक्स ही कंपनी झाली. बास्केटबॉलच्या बुटाचा तळवा घसरू नये म्हणून ते खटपट करत होते. १९५१ साली काकडी-ऑक्टोपसची कोशिंबीर खाताना ऑक्टोपसच्या चिकटून बसणाऱ्या वाट्या त्यांनी पाहिल्या आणि तसाच तळवा केला. आपण कोशिंबिरीत मीठ कमी की जास्त एवढंच बघतो!

तर, अमेयोकोतही मोठे बूट होते ते सगळे पुरुषांचे. ते हातात घ्यायचाही मला संकोच वाटला. रिकाम्या हाताने परतले.

शेवटी ओगावामाचीला गेले. खेळाच्या सामानाची तिथे रांगेने दुकानं आहेत. एका दुकानातले साठीचे गृहस्थ आधी नंबर विचारायच्या भानगडीत पडलेच नाहीत. बूट काढायला लावले आणि फळी घेऊन माझ्या पायाशी गुडघे टेकून बसले. वडीलधारा माणूस पायाशी बसलेला बघून मी पटकन पाय मागे ओढला. ते हसले, थांबले. मग दोन्ही पावलं मोजली, मला उभं करून, कारण उभं राहिलं की पाऊल पसरतं. चवड्याभोवती फीत गुंडाळून घेरही घेतला. इथे रुंदीलाही खूण असते: ई, मग दोन ई, तीन ई, चार ई. डावं पाऊल साडेपंचवीस, उजवं थोडं कमी, रुंदी चार ई. पस्तिशी ओलांडली, पण माझं पाऊल केवढं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अंगठ्यापुढे जवळजवळ एक सेंटीमीटर जागा हवी, म्हणून त्यांनी सव्वीसचे आणले. अर्थात पुरुषांचे, गडद निळे. खरेदीला संध्याकाळी या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळताना घालता तेच मोजे घालून या, असंही सांगितलं. मी बूट घालून दुकानभर फिरले. करंगळी कुठेच टेकेना!

घरी येऊन वाचलं, की चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ साली देशभरातल्या लाखावर लोकांचे पाय मोजले. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद निघाली. म्हणजे फावडी माझी एकटीचीच नव्हती. आत्याला कळवायला हवं होतं, पण आता ती नाही.

हल्ली सकाळी आराकावा नदीच्या काठाने पळते. 'पळते' म्हणजे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. थंडीत हवा स्वच्छ असली की लांबवर फुजी दिसतो. नख खालून नवं येतं आहे.

मागच्या रविवारी वहिनीला फोन केला आणि आईला वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिल फिरवायला सांगितली. चवड्याभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजायलाही सांगितला. आई मागून म्हणत होती, "कशाला गं, मला कुठे पळायचंय!" वहिनीने फोटो पाठवला. डाव्या पावलाची रेघ करंगळीच्या जागी सरळ खाली उतरली आहे. लांबी चोवीस. दोऱ्याचं माप घेऊन शनिवारी त्याच दुकानात जाते आहे.