गल्ल्यावरचा हात

परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित असलेले गाव. तेथील एक किराणा व्यापारी दोन वर्षे उजवा हात सदऱ्याच्या खिशात ठेवून गल्ल्यावर बसत. व्यापाऱ्याचा हात थरथरताना दिसला की गिऱ्हाईक मनात शंका आणते, कुणी व्यसनाची, कुणी देण्याघेण्याच्या चिंतेची. आणि साख ही अशा शंकेनेच उणी होते. त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, जडला होता. या आजाराचा कंप बहुधा हात निवांत असतानाच अधिक दिसतो, वस्तू उचलली की तो मंदावतो. त्यामुळे तराजू धरताना ते निर्धास्त असत आणि रिकामे बसले की अस्वस्थ.

घराला सुगावा लागला तो खातेवहीतून. ओळीच्या आरंभी ठसठशीत असणारे अक्षर शेवटी मुंगीएवढे होऊ लागले. मुलाला वाटले, चष्म्याचा क्रमांक बदलला असावा. पुढे सही जुळत नाही म्हणून एक धनादेश परत आला, तेव्हा कुठे परभणीला डॉक्टरांकडे जाणे झाले. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, हे त्यांना तेथे कळले. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये वर्णिलेली ही व्याधी अद्याप समूळ बरी होत नाही. औषधाने दिवस मात्र सुकर होतो.

सहीचा प्रश्न वेळीच सोडवावा. नमुना सही नव्याने देता येते, विश्वासू व्यक्तीसह संयुक्त खाते करता येते. पुढे सही अशक्यच झाली, तर बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा चालतो. त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. अंगठा म्हणजे निरक्षरता, ही लाज येथे अस्थानी आहे.

खरी कसोटी घड्याळाची. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी घ्यावी लागते. डाळ आणि दूध यांतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून ती सहसा जेवणाआधी अर्धा तास घेतात. गोळीचा अंमल असेतो माणूस चालतो, बोलतो. तो ओसरला की तोच माणूस खुर्चीत रुतल्यासारखा बसून राहतो. ‘आत्ता तर ठीक होतात!’ हे वाक्य घरात याच वेळी उच्चारले जाते, आणि ते फार लागते.

त्यांचा चौविहार अनेक वर्षांचा. रात्रीची गोळी पाण्यासह घेणे त्यांना व्रतभंग वाटे. न सांगता ते ती टाळत आणि पहाटे कूस पालटणेही कठीण होई. वस्तुतः पच्चक्खाणातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा आगार आहे. व्याधीने समाधी ढळू नये यासाठी औषधाची मोकळीक पूर्वाचार्यांनीच ठेवली. महाराजसाहेबांनी तो उलगडून सांगितला, तेव्हा त्यांनी गोळी स्वीकारली. उपवासातही ही औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे असते. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो, म्हणून गोळीच्या जोडीला चूर्ण सुरू करणारेही भेटतात. डॉक्टरांना न विचारता तेही नको.

दुकानाच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागून ढकलल्यास तोल जातो. सुनेने एक गोष्ट हेरली: शहाबादी फरशीचा सांधा ओलांडायला सांगितला की पाऊल सुटते. आता उंबऱ्याबाहेर जिथे साधे सिमेंट आहे, तिथे तिने पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले आहेत.

चेहरा मात्र निर्विकार झाला आहे. जुनी गिऱ्हाइके विचारतात, ‘शेठजी रागावलेत का?’ आवाजही खोल गेला होता. मोठ्याने म्हणण्याचा सराव सांगितल्यापासून ते पहाटेचे स्तोत्र खड्या आवाजात म्हणतात. नातवाची तक्रार आहे, आजोबांमुळे त्याला सहानंतर झोपता येत नाही.