कामठींतील जपानी सूर

सुट्टीच्या दिवशीं चित्तास विसावा हवा असेल, तर नागपूरकरांनीं कामठीची वाट धरावी. जपानच्या श्रीमती नोरिको ओगावा यांच्या साहाय्यानें उभें राहिलेलें ड्रॅगन पॅलेस हें बुद्धमंदिर तेथें १९९९ पासून आहे. चंदनी बुद्धमूर्तीसमोर एकच जपानी मंत्र संथ लयींत घोळविला जातो. त्यांत ताना नाहींत, मुरक्या नाहींत. ऐकणाऱ्याचा श्वास मात्र आपोआप दीर्घ होतो.

शब्द कानांस परके वाटतात खरे. पण त्यांतला 'नमु' म्हणजे आपला 'नमः' च. पुढील शब्द भाषांतरित आहेत : 'म्योहो' म्हणजे सद्धर्म, 'रेंगे' पुंडरीक आणि 'क्यो' सूत्र. सद्धर्मपुंडरीक हा संस्कृत ग्रंथ कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें चिनी भाषेंत उतरविला. १२५३ सालीं निचिरेनानें जपानांत त्याच्या नांवाचाच जप सुरू केला.

आपल्या घरोघरीं गीता-भागवत आढळतें, हा ग्रंथ क्वचितच. परदेशानें तो जपला. आणि १९५६ सालीं नागपुरास ज्यांनीं बुद्धास शरण जाऊन नवा जन्म घेतला, त्यांच्या अंगणांत तो परत आला. तेव्हां संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं मुलांबाळांसह एकदां तेथें जावें, आणि पाहुण्याप्रमाणें नव्हे, आप्ताप्रमाणें शांत बसून ऐकावें.