दोनशे तेवीस वर्षे चाललेला ऱ्हास

१/१८
‘युरोपचा आजारी माणूस’ ही उपाधी शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाठ केलेली असते. उस्मानी, म्हणजेच ऑटोमन साम्राज्य आजारी होते आणि पहिल्या महायुद्धात ते मेले, एवढ्यावर तो धडा संपतो. हे निदान कितपत खरे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. आजचा धागा त्याविषयी. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/१८
प्रथम निदान करणाऱ्याची ओळख करून घेऊ. १८५३ साली रशियाचा झार पहिला निकोलस ब्रिटिश राजदूताशी बोलताना तुर्कस्तानला आजारी माणूस म्हणाला. आजारी मेल्यावर त्याच्या मालमत्तेचे काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे, असा त्याचा आग्रह होता. वाटणीवर डोळा ठेवून बसलेल्या शेजाऱ्याने केलेले हे निदान होते. पुढे गंमत अशी झाली की झारचा रोमानोव्ह वंश १९१७ मध्ये सिंहासनावरून गेला, व्हिएन्नाचे हाब्सबुर्ग १९१८ मध्ये गेले, आणि हा ‘आजारी’ सुलतान १९२२ पर्यंत टिकला.

३/१८
ऱ्हासाची सुरुवात सामान्यतः १६८३ च्या व्हिएन्नाच्या अयशस्वी वेढ्यापासून धरतात. १६९९ च्या कार्लोव्हित्झच्या तहाने हंगेरी हातचे गेले. तेथपासून १९२२ पर्यंत दोनशे तेवीस वर्षे होतात. आपल्या इतिहासातले माप लावून पाहा. १६७४ चा शिवराज्याभिषेक ते १८१८ मधला पेशवाईचा अस्त हा काळ एकशे चव्वेचाळीस वर्षांचा. म्हणजे उस्मानींचा केवळ ‘ऱ्हास’च आपल्या अवघ्या मराठेशाहीपेक्षा दीर्घ ठरतो.

४/१८
इतका दीर्घ काळ चाललेल्या गोष्टीला ऱ्हास म्हणावे का? या काळात साम्राज्याने प्रांत गमावले, तसे परतही मिळवले. १७१८ मध्ये गेलेले बेलग्रेड १७३९ मध्ये पुन्हा हाती आले. लष्कर, करवसुली, न्यायालये, शाळा यांची पुनर्रचना वारंवार झाली. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला मागे वळून पाहताना सगळी वाट उताराचीच दिसते. तीवरून चालणाऱ्यांना ती तशी दिसत नव्हती.

५/१८
या राज्यात तुर्क, अरब, ग्रीक, आर्मेनियन, कुर्द, सर्ब, बल्गेरियन, अल्बेनियन, ज्यू असे कितीतरी समाज नांदत होते. ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि ज्यू समाजांचे विवाह, वारसा, शिक्षण यांसारखे व्यवहार त्यांचे त्यांचे धर्मप्रमुख पाहत. ही समता नव्हती. बिगरमुस्लिमांवर जिझिया होता, आणि कायद्यापुढे त्यांचा दर्जा दुय्यम होता. सुवर्णयुगाची चित्रे रंगवणाऱ्यांनी हे विसरू नये. मात्र राज्य एकाच भाषेचे वा एकाच वंशाचे असले पाहिजे, ही कल्पना या व्यवस्थेला शतकानुशतके परकी होती.

६/१८
सलोनिका हे बंदर याचे उत्तम उदाहरण. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, तेव्हा त्यांतले अनेक येथे येऊन वसले आणि पुढे चार शतके घरात जुन्या वळणाची स्पॅनिश बोलत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते शहरातला सर्वांत मोठा समाज होते. त्यांच्या शब्बाथमुळे शनिवारी बंदराचे काम थांबत असे. मुस्तफा केमाल, पुढचा अतातुर्क, याच शहरात जन्मला.

७/१८
एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलच्या मुत्सद्द्यांनी राज्य वाचवण्यासाठी सुधारणा हाती घेतल्या. १८३९ च्या गुल्हाने फर्मानाने सर्व प्रजेच्या जीविताची, अब्रूची आणि मालमत्तेची हमी दिली. १८५६ च्या फर्मानाने धर्मभेदरहित समतेचे वचन दिले. पण समता आल्याने संतुष्ट फार थोडे झाले. मुस्लिमांना आपले वरिष्ठत्व गेल्याची खंत वाटली, धर्मगुरूंना आपला अधिकार आटल्याची. समतेबरोबर लष्करसेवाही आली, तेव्हा बहुतेक ख्रिस्ती प्रजेने कर भरून सुटका करून घेणे पसंत केले, आणि राज्यालाही तो पैसा हवाच होता.

८/१८
पैशाची कहाणी स्वतंत्रपणे सांगायला हवी. क्रिमियन युद्धाच्या खर्चासाठी १८५४ मध्ये पहिले परदेशी कर्ज काढले गेले. मग जुने फेडण्यासाठी नवे, अशी रीत पडली. युरोपीय सत्तांशी झालेल्या करारांमुळे आयातीवरील जकात स्वतःच्या मर्जीने वाढवण्याची सोय नव्हती, त्यामुळे उत्पन्नाचा एक मोठा मार्ग बंद होता. १८७५ मध्ये सरकारने व्याज पूर्ण देता येणार नाही असे जाहीर केले. लंडन आणि पॅरिसच्या रोखेधारकांत हाहाकार उडाला.

९/१८
१८८१ मध्ये ‘सार्वजनिक कर्ज प्रशासन’ स्थापन झाले. मीठ, तंबाखू, मुद्रांक, मद्य, मासळी, रेशीम यांवरचे उत्पन्न थेट धनकोंच्या प्रतिनिधींकडे जाऊ लागले. हजारो कर्मचाऱ्यांचे हे खाते म्हणजे राज्यातले दुसरे राज्यच होते. अनातोलियातला शेतकरी मिठाचे पैसे मोजत होता तो सुलतानाला नव्हे, दूरच्या रोखेधारकाला. या खात्याची इस्तंबूलमधली भव्य वास्तू आज एक नामांकित शाळा आहे. उस्मानी कर्जाचा शेवटचा हप्ता तुर्की प्रजासत्ताकाने १९५४ मध्ये फेडला, पहिल्या कर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

१०/१८
तरीही आशा संपली नव्हती. १८७६ मध्ये राज्यघटना आली. पहिल्या संसदेत अरब, आर्मेनियन, ग्रीक, ज्यू असे सर्व प्रकारचे सभासद होते. सुलतान दुसरा अब्दुलहमीद याने ती १८७८ मध्ये बंद केली. तीस वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, तरुण तुर्कांच्या क्रांतीने घटना परत आणली, तेव्हा रस्त्यांवर मौलवी, पाद्री आणि रब्बी एकमेकांना आलिंगन देत होते. पुढे काय झाले हे ठाऊक असूनही ही हकिकत वाचताना माझ्या मनात दर वेळी एक ‘जर’ उभा राहतो.

११/१८
१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी तो ‘जर’ पुसून टाकला. युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख काही महिन्यांत गेला. नोव्हेंबर १९१२ मध्ये सलोनिका ग्रीसच्या हाती पडले. लाखो मुस्लिम निर्वासित इस्तंबूलकडे लोटले. ज्यांची स्वतःची गावे गेली अशा अनेक अधिकाऱ्यांच्या आणि नेत्यांच्या मनात एक निष्कर्ष घट्ट बसला: मिश्र प्रजा म्हणजे धोका. जानेवारी १९१३ मध्ये एका टोळक्याने बंदुकीच्या जोरावर सत्ता घेतली.

१२/१८
त्या निष्कर्षाचे फळ १९१५ मध्ये आले. राज्याने आपल्याच आर्मेनियन प्रजेला घरांतून उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे पिटाळले. वाटेत कत्तली, भूक आणि रोगराई. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. माझ्या दृष्टीने साम्राज्याचा खरा अंत हा आहे. तोफा अजून चालू होत्या, सुलतान गादीवर होता, पण अनेक समाजांना एका छत्राखाली ठेवणारे राज्य त्या वर्षी स्वतःच्या हाताने संपले.

१३/१८
या अंताशी मराठी माणसाचाही संबंध आला. मेसोपोटेमियात लढणाऱ्या ब्रिटिश फौजेत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणी होत्या. कूत अल-अमारा येथे सुमारे पाच महिने वेढ्यात उपासमार सोसून ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे तेरा हजार सैनिक कैद झाले. एका साम्राज्याच्या वतीने दुसऱ्या साम्राज्याशी लढलेल्या या शिपायांतले कित्येक बगदाद रेल्वेच्या कामावर राबले, आणि अनेक जण परतलेच नाहीत.

१४/१८
१ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकाराच्या संसदेने सुलतानपद रद्द केले. १७ तारखेला सहावा मेहमेद ‘मलाया’ या ब्रिटिश युद्धनौकेतून निघून गेला. १९२६ मध्ये तो इटलीत सान रेमो येथे वारला, तेव्हा देणी थकल्यामुळे त्याची शवपेटी धनकोंनी अडवून ठेवली होती. कर्जाने पोखरलेल्या घराण्याचा शेवटचा सुलतान कर्जातच गेला.

१५/१८
प्रजेच्या वाट्याला त्याहून कठोर निवाडा आला. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या आणि साडेतीन-चार लाख मुस्लिम तुर्कस्तानच्या वाट्याला आले. यांतले बहुतेक ख्रिस्ती आधीच जीव मुठीत धरून पळाले होते. निकष एकच होता, धर्म. कप्पाडोकियातले ख्रिस्ती तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ‘मायदेशी’ म्हणून ग्रीसला धाडले, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. क्रीटचे मुस्लिम ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात पाठवले. सलोनिकाचे मुस्लिम असे गेले. तिथल्या ज्यूंना १९४३ मध्ये नाझींनी ऑशविट्झला नेले.

१६/१८
मार्च १९२४ मध्ये खिलाफतही गेली आणि भारतातल्या खिलाफत चळवळीचा आधारच निखळला. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद फ्रान्समध्ये आश्रयाला राहिला. त्याची कन्या दुर्रुशेवार हिचा विवाह १९३१ मध्ये नीस येथे हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी झाला. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता.

१७/१८
माझे आजोबा त्या राज्यात वाढले. शिक्षण उर्दूत, घरी मराठी, बाजारात थोडी तेलुगू. त्या राज्याचे गोडवे मी गाणार नाही. मातृभाषेला उच्च शिक्षणात स्थान नव्हते, आणि रझाकारांचे दिवस आमच्या घराने पाहिले आहेत. १९४८ ची मुक्ती ही मुक्तीच होती. पण आजोबा अखेरपर्यंत हिशेब उर्दू आकड्यांत मांडत आणि रात्री हरिपाठ म्हणत. यात काही विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही. कप्पाडोकियातल्या त्या तुर्की बोलणाऱ्या ख्रिश्चनांविषयी वाचताना मला आजोबा आठवतात. लोझानच्या कारकुनाने त्यांना कोणत्या रकान्यात घातले असते?

१८/१८
म्हणून ‘ऱ्हासाची कारणे’ विचारली की नादान सुलतान, जनानखाना आणि फार जातीजमाती हे ठरलेले उत्तर मला पटत नाही. अनेक समाज हा त्या राज्याचा रोग नव्हता, ती त्याची प्रकृती होती. कर्जाने त्याचे हात बांधले, युद्धांनी त्याला घाबरवले, आणि घाबरलेल्या राज्याने आपल्याच माणसांची मोजदाद शत्रू म्हणून सुरू केली. वारस राज्यांनी तीच मोजदाद पुढे चालवली. सुलतान नौकेतून गेला, पण त्या मोजणीची किंमत गावोगावच्या त्या माणसांनी चुकती केली, ज्यांना आपण नक्की कोण आहोत हे सांगण्याची तोवर कधी गरजच पडली नव्हती.

धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात. पुढील धागा हाब्सबुर्ग साम्राज्यावर.