हलका हात

माझी पुतणी भौतिकोपचाराची पदवीधर असून एका रुग्णालयांत मर्दन करणाऱ्या बायकांस शिकविते. शिकवणीसाठीं खाटेवर निजून राहणारा एक बनावट रुग्ण तिला हवा होता. "काका, तुम्हांला दुसरा उद्योग तरी काय आहे?" असें तिनें विचारलें. निवृत्त शिक्षकापाशीं या प्रश्नाचें उत्तर नसतें. मी गेलों. जाण्याचें दुसरेंहि एक कारण होतें.

२०१६ सालीं माझी पत्नी कर्करोगानें रुग्णालयांत होती. एका रात्रीं तिचा पाय सुजला व पोटरी ऊन लागूं लागली. घरून नेलेलें तिळाचें तेल घेऊन मी पाय चोळूं लागलों, तोंच परिचारिकेनें माझें मनगट धरलें. "काका, थांबा. एकाच पायाला सूज आहे ना? मग हात लावूं नका." दुसऱ्या दिवशीं सोनोग्राफींत शिरेमध्यें रक्ताची गुठळी दिसली. फार दिवस निजून असलेल्यांस, त्यांतहि कर्करोगाच्या रुग्णांस, असें पुष्कळदां होतें. चोळल्यानें गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. औषधानें तें संकट टळलें. पत्नी त्यापुढें सात महिने होती. परंतु त्या रात्रीं सेवा म्हणून आपण काय करीत होतों, हा विचार मला सोडीना.

संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. अष्टांगहृदयांत वाग्भटानें गाइलेली अभ्यंगाची थोरवी मी मुलांस मोठ्या हौसेनें ऐकवीत असें. तिला लागूनच कफग्रस्तास, नुकतेंच शोधन झालेल्यास व अजीर्ण झालेल्यास अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तेवढा भाग मीं कधीं ऐकविला नाहीं.

शिकवणीच्या पहिल्या दिवशीं तेलाची बाटली उघडलीच नाहीं. हात कोपरापर्यंत धुवावयाचे, नखें कापलेलीं, बांगड्या उतरलेल्या. मग परिचारिकेस विचारावयाचें. गुठळीचा संशय आहे काय? रक्तांतील बिंबिका उतरल्या आहेत काय? (त्या फार उतरल्या असतां नुसत्या दाबानेंहि त्वचेखालीं रक्त साकळतें.) स्तनाच्या शस्त्रक्रियेंत काखेंतील गांठी काढल्या असल्यास तो हात विशेष जपावयाचा. माकडहाडावर वा टांचेवर लाली दिसली तर ती जागा चोळावयाची नाहीं. पूर्वीं लोक तीच मुद्दाम चोळीत. शेवटीं रुग्णाची संमति. आणि तो नको म्हणाला तर मुकाट्यानें परत यावयाचें.

हा कांटेकोरपणा नवा नव्हे. १८९४ सालीं लंडनमध्यें मर्दनाच्या नांवाखालीं भलतेच व्यवसाय चालत, तेव्हां चार स्त्रियांनीं प्रशिक्षित मर्दनकर्त्रींची संस्था काढून परीक्षा व नियम घातले. आज तिकडील भौतिकोपचारकांची जी प्रमुख संस्था आहे, ती तिच्यांतूनच वाढली.

वर्गांत पन्नाशीच्या एक बाई होत्या. तीस वर्षें बाळंतिणींना व तान्ह्या मुलांना न्हाऊ घालण्यांत गेलेली. पंजा असा कीं माझ्या पिंढरीनें त्याची साक्ष द्यावी. "मावशी, तेल नुसतें पसरतां ना, तेवढाच भार," असें पुतणी पुनःपुन्हा सांगे. बाई अखेर चिडल्या. "दाबायचंच नाही, तर माणसाला बरं कसं वाटणार?"

"आजार यानें बरा होत नाहीं, हें आधीं लक्षांत घ्या," पुतणी म्हणाली. "घटकाभर दुखणें विसरतें, कधीं झोंप लागते. दिवसभर सुया टोंचणारेच हात अंगाला लागतात, मावशी. न टोंचणारा एखादा लागूं द्या."

बाईंनीं पुन्हा सुरुवात केली. माझ्या मनगटावर सलाईनची खोटी नळी चिकटविली होती. तिला वळसा घालून त्यांचा हात तळहातावर आला आणि तेथेंच थांबला. इतका हलका, कीं मीं डोळे मिटून घेतले.

दुपारीं पुतणीनें मला पत्नीची हकीकत सर्वांना सांगावयास लाविलें. गोष्ट संपतांच कोणी बोललें नाहीं. मग त्याच बाईंनीं वहींत लिहून घेण्यासाठीं विचारलें, "कोणता पाय होता, मास्तर?"

"डावा," मीं म्हटलें.